पठार सर

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डला एक पोचा आहे. गोल, खोल, आमटीच्या वाटीएवढा. गॅरेजवाल्याने बघताक्षणी विचारलं, "कांद्याची गोणी आदळली का?" मी म्हटलं, "नाही, पठार सरांची नवी पद्धत." त्याने पुढे काही विचारलं नाही, पान्हा उचलला. सायखेड्यात या उत्तरावर माणसं गप्प बसतात. पुढचा प्रश्न केला तर तो सरांपर्यंत पोचतो, आणि सरांपर्यंत पोचलेला प्रश्न दीड तासाच्या आत घरी परत येत नाही.

सरांचं आडनाव वेगळंच आहे; रेशन कार्डावर अजून तेच असावं. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत पीटी शिकवली. आता दीड एकर द्राक्षबाग सांभाळतात आणि पहाटे साडेपाचला नदीकडच्या मोकळ्या जागेत भरतीच्या पोरांना घेऊन उभे राहतात. फी घेत नाहीत, पण ऐकून घ्यावं लागतं. 'पठार' हा त्यांचा लाडका शब्द. खेळाडू सुरुवातीला भराभर सुधारतो आणि मग एका आकड्यावर येऊन बसतो. घाम तेवढाच, आकडा तोच. "घाट चढून आलास, आता पठार लागलं. चालतोयस, पण उंची वाढत नाही," हे सर पोरांना सांगत, मग पोरांच्या बापांना, मग कांद्याच्या लिलावात रिकाम्या उभ्या असलेल्या कुणालाही. एकदा एका व्यापाऱ्याने खोडी काढली, "सर, कांद्याच्या भावाला पण पठार असतं का हो?" सर गंभीरपणे म्हणाले, "नाही. त्याला फक्त कडा असतो." त्या दिवशी नाव पक्कं झालं.

आता आमच्या गोदाकाठी अडलेल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या एकच औषध देत आले आहेत: अजून मेहनत कर. गोळा लांब जात नाही? पन्नास टाकतोस ना, शंभर टाक. सरांना हे औषध ऐकलं तरी पोटात दुखतं. "चुकीचं पन्नासदा करणारा शंभरदा करायला लागला की काय होतं? चूक पक्की होते!" यावर त्यांच्याकडे एक तारबाबूंची गोष्ट आहे. ती मी निदान वीसदा ऐकली, आणि आता मीही सांगतो. अमेरिकेतल्या इंडियानात ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ साली तार शिकणाऱ्या माणसांचा अभ्यास छापला. पोरं कट्ट-कडकट्ट ऐकून अक्षरं ओळखायला शिकायची, वेग वाढायचा, आणि मग आठवडेच्या आठवडे तो हलायचाच नाही. मग एक दिवस एकदम उसळी. का? तर तोवर ती सुटी अक्षरं ऐकत होती, आता सबंध शब्द ऐकायला लागली. वरून सगळं थांबल्यासारखं दिसत होतं, आत अक्षरं मुरत होती. "खरड छाटणी झाल्यावर बाग कशी दिसते? मेल्यासारखी! म्हणून काय उपटून टाकतोस का?" ही सरांची पुरवणी. ती इंडियानातली नाही, निफाड तालुक्यातली आहे, आणि मला विचाराल तर मूळ गोष्टीपेक्षा बरी आहे.

इथवर सर शहाणे आहेत. पुढे त्यांचा सिद्धान्त सुरू होतो.

अमेरिकेचा पॅरी ओब्रायन. १९५०च्या सुमाराला याने गोळा फेकायच्या दिशेकडे चक्क पाठ करून उभं राहायला सुरुवात केली, आणि १९५२ आणि १९५६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं नेली. मधल्या काळात, १९५४ला, साठ फुटांची रेषा ओलांडणारा तो पहिला. दुसरा डिक फॉसबरी. यानेही आडव्या दांडीकडे पाठ केली आणि १९६८ला मेक्सिकोत २.२४ मीटर उंच उडी मारली. पुढे सगळं जग तसंच उडायला लागलं. दोन उदाहरणं सरांना पुरतात. निष्कर्ष असा की प्रगती हवी असेल तर पाठ फिरवा. धावणाऱ्यांना त्यांनी आठवडाभर उलटं पळवलं. कबड्डीवाल्याला पाठमोरी चढाई करायला लावली. तो बिचारा बोनस रेषा शोधत थेट प्रेक्षकांत जाऊन बसला. माझ्या पुतण्याचं गणित दहावीत अडलं होतं, त्याला म्हणाले, पुस्तकाकडे पाठ करून बस आणि आठवून लिही. गंमत म्हणजे त्याचे आठ मार्क वाढले. "शाळेत आम्ही उगाच 'पाठ करा, पाठ करा' म्हणत नव्हतो," सर म्हणाले. त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

घरात मात्र सिद्धान्त चालत नाही. काकूंना ते एकदा म्हणाले, तुझी भाकरी पठारावर आहे, डाव्या हाताने थापून बघ. काकूंनी काठवट उचलून सरांपुढे ठेवली. "तीस वर्षं माझी भाकरी एकसारखी फुगते. तिला पठार म्हणा नाहीतर टेकाड म्हणा. थापा तुम्ही." सरांनी त्या दिवशी डाव्या हाताने जे थापलं ते गायीला घातलं, आणि गायीनेही आधी हुंगून पाहिलं.

पण मला सांगायचंय ते साडेसातीबद्दल.

गावातलाच एक पोरगा. उंच, खांदे रुंद, पळण्यात वारा. पोलीस भरतीला ग्राउंडचे पन्नास मार्क: सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा. गोळा ७.२६० किलोचा, आणि साडेआठ मीटर गेला तर पंधरापैकी पंधरा, पोरांच्या भाषेत 'आउट ऑफ'. याचा गोळा साडेसातला पडायचा. आज साडेसात, उद्या साडेसात, पाऊस असो, थंडी असो, साडेसात. त्याच्या आईने शनीला तेल वाहून झालं होतं. पोरं त्याला नावाने हाक मारायची सोडून 'साडेसाती' म्हणायला लागली, आणि तो 'ओ' द्यायला लागला तेव्हा सर चरकले. "आकड्याने माणसाचं नाव खाल्लं की पठार खरं लागलं," म्हणाले.

माझं कृषी सेवा केंद्र. औषधाच्या खोक्यांत बसून मी हे सगळं बघत असतो. एका सकाळी सर तो गोळा घेऊन आले आणि काउंटरवरच्या वजनकाट्यावर ठेवला. काट्याने दाखवलं सहा किलो आठशे. सगळे गप्प. म्हणजे पोरगा साडेसात टाकत होता तोही हलका गोळा! गोळा एका ओळखीच्या लेथवाल्याने फुकटात करून दिलेला, फुकटात अर्धा किलो कमी. साडेसाती खोक्यावर बसला आणि शेंगदाण्याच्या बियाण्याच्या पिशवीकडे बघत राहिला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नको. सर म्हणाले, "वा! हलका आहे तो राहू दे. आणखी दोन करून घेऊ. एक बरोबर, एक आठ किलोचा." द्राक्षाच्या मांडवाचे अँगल वळणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही करून आले. या वेळी वजन सरांनी उभं राहून करून घेतलं.

यामागे काय होतं? १९७८ साली कर आणि बूथ या दोघांनी आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांच्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. काही पोरांनी तीन फुटांवरच सराव केला. बाकीच्यांनी दोन आणि चार फुटांवर केला, तीनवर कधीच नाही. शेवटी परीक्षा तीन फुटांवर घेतली, आणि तीनवर कधी न टाकणारी पोरं पुढे गेली. सरावात बदल असला की अंग शिकतं. सरांनी हे वाचलं, घरात पिशव्या शिवल्या, हरभरे भरले. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्याच हरभऱ्यांची उसळ केली. म्हणून प्रयोग थेट लोखंडावर. आठ किलोचा दोनदा, हलका दोनदा, मग खरा. जड टाकून आल्यावर खरा गोळा पेरूसारखा वाटतो, हे पोरगा स्वतः म्हणाला.

आकडा? सात साठ. दहा सेंटिमीटर. सरांनी फक्कीने त्या जागी रेघ मारली आणि आम्हाला सगळ्यांना चहा पाजला.

आणि तिथेच घोटाळा झाला. दहा सेंटिमीटरने ज्याचं समाधान होतं तो माणूस वेगळा. सरांना त्या रात्री मोबाइलवर बारिश्निकोव्ह सापडला. सोव्हिएत फेकपटू, थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन गोळा टाकणारा, १९७६ला बरोबर बावीस मीटर. गिरकी! म्हणजे एकदा पाठ करायची नाही, सारखी करायची! सरांना सिद्धान्ताचा मोक्षच दिसला. सकाळी साडेसातीला वर्तुळात उभं केलं. वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं, फक्कीने काढलेलं, जमीन काळी, दवाने ओली. मी गाडी लावून बघायला उभा. पोरगा फिरला, अर्धा फिरला, पाय सटकला, आणि गोळा जिकडे नाशिक आहे तिकडे न जाता जिकडे मी होतो तिकडे आला. मी उडी मारली. गाडीला उडी मारता येत नाही. सर धावत आले, पोचा बघितला, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "दिशा चुकली, पण अंतर बघ!" टेप आणली. खरोखर मोजलं. आठ मीटर दहा, मडगार्डपर्यंत.

सांगायचा मुद्दा असा की सरांचा दोष त्यांच्या गुणाच्याच पोटातला आहे. बाकीचं गाव अडलेल्याला बदलू देत नाही, आणि सर त्याला एका जागी ठरू देत नाहीत. सोमवारी जड गोळा, बुधवारी गिरकी, शुक्रवारी डोळे मिटून. तारबाबूंची गोष्ट वीसदा सांगणाऱ्या माणसाला मुरायला वेळ लागतो हे कळत नाही असं नाही. धीर धरवत नाही. मी दुकानदार आहे. औषध फवारलं की दुसऱ्या दिवशी दुसरं घ्यायला येणारा शेतकरी मी ओळखतो. तो मला परवडतो, बागेला परवडत नाही. म्हणून पोच्याची भरपाई म्हणून मी एकच मागितलं: सरांचा मोबाइल. एकवीस दिवस तो माझ्या गल्ल्यात राहील. एक पद्धत निवडा आणि तीच चालवा.

सर हबकले. पण मडगार्ड समोरच होतं.

मोबाइल गेल्यावर त्यांनी जे केलं ते मात्र मी विसरणार नाही. तीन दिवस त्यांनी पोराला काहीच शिकवलं नाही. खुर्ची टाकून नुसतं बघत बसले. कधी बाजूने, कधी मागून, एकदा जमिनीला गाल लावून. चौथ्या दिवशी म्हणाले, "हा आधी हात ढकलतो, मग पाय. पाय येईस्तोवर गोळा गेलेला असतो." एवढंच होतं. गोळा मानेला टेकलेला, उजवा पाय रोवून उठायला हवा, मग कंबर, मग छाती, हात सगळ्यांत शेवटी. याचा हात लग्नातल्या हावऱ्या पाहुण्यासारखा पहिल्या पंगतीला. आणि फेक सपाट.

सपाटपणावर उपाय सोपा निघाला. गोळा डोक्याच्या उंचीवरून सुटतो, म्हणून त्याला पंचेचाळीस अंशांची गरजच नसते; चांगले फेकपटू चाळिशीच्या आतच टाकतात. पण अंश सांगून पोराला काय कळणार? सरांनी बागेतले दोन अँगल आणून पुढे अडीच मीटरवर रोवले आणि नऊ फुटांवर सुतळी बांधली. "हाताचा विचार करू नको. सुतळीच्या वरून जाऊ दे, बस." पहिला गोळा सुतळी घेऊन गेला, दुसराही. पाचवा वरून गेला.

हातावरचा उपाय मात्र बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा असा. सर म्हणाले, "तुझी चूक आहे ना, ती मुद्दाम कर. मोठी कर. पाय अजिबात हलवू नको, नुसत्या हाताने टाक." पोराने टाकला, पाच सत्तर. "अजून चुकीचं!" पाच चाळीस. "शाब्बास! आणखी बिघडव!" एवढ्यात त्याचे वडील दुधाचे कॅन घेऊन चालले होते ते थांबले. "अहो सर, पोरगं चुकतंय आणि तुम्ही शाब्बास काय म्हणता?" सर म्हणाले, "आबा, बत्तीस वर्षं मी चुकीला चूक म्हणून पाहिलं. काही फरक पडला नाही." हे सरांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. दोष वाढवून करायला लावायची ही रीत इटलीतल्या संशोधकांनी जागेवरून लांब उडी मारणाऱ्या शाळकरी मुलांवर करून पाहिली आहे. सांगून न कळणारी चूक मोठी केली की अंगालाच ती बोचते, आणि अंग आपणहून बाजूला सरकतं. सरांनी ते कधी तरी वाचलेलं. मोबाइल बंद झाल्यावर आठवलं. पाच चुकीचे, एक 'तुला हवा तसा'. पाच चुकीचे, एक 'तुला हवा तसा'. तिसऱ्या फेरीला 'हवा तसा' आठच्या अलीकडे चार बोटं पडला, आणि पोरगा वर्तुळातच उभा राहून स्वतःच्या मांडीला हात लावून बघायला लागला, हिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं अशा चेहऱ्याने.

मधे एक दिवस सर दुकानात आले आणि गल्ल्याकडे बघत उभे राहिले. "दोन मिनिटं द्या. पोराला एक व्हिडिओ दाखवायचाय." मी संशयाने उघडला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, २०२४ची पॅरिस पॅरालिंपिक. एक हात अधू, आणि गोळा १६.३२ मीटर, रौप्यपदक. सरांनी हळू गतीने लावला. पाय, कंबर, छाती, मग हात. साडेसाती दोनदा बघून म्हणाला, "पाय बघा ना भो त्यांचे." सरांनी मोबाइल आपणहून परत गल्ल्यात टाकला. माझ्या डोळ्यांदेखत घडलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

सरांचा आणखी एक सल आहे, तो सांगायला हवा. आमच्या गावाला पाणी कमी नाही. चांदोरीच्या पुलाला पाणवेली अडकल्या की नदी पेठेत शिरते. २०१६च्या ऑगस्टात दुकानांत होड्या फिरायची वेळ आली, आणि त्याच महिन्यात रिओच्या ऑलिंपिकमध्ये देशाचा एकटा रोइंगपटू वल्हवत होता: दत्तू भोकनळ, तेरावा आला. गाव कुठलं? चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. दुष्काळी! विहिरी खणणाऱ्या घरातला पोरगा, २०१२ला फौजेत गेला आणि पुण्याला पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. "आपल्या ओट्यावर नदी येते, आणि वल्हवणारा टँकरच्या गावातून जातो," सर म्हणतात. "आपण पाण्याच्याच पठारावर आहोत." २०१९च्या पुरात सरांच्या वह्या गेल्या, बत्तीस वर्षांतल्या पोरांचे सगळे आकडे. काकू हळहळल्या. सर म्हणाले, बरं झालं, सगळ्यांची पठारं एकदम वाहून गेली. पण चिखल उपसताना ते बराच वेळ त्या एकाच कोपऱ्यात होते.

एकविसाव्या दिवशी खऱ्या गोळ्याने आठ बत्तीस. साडेआठ नाही. सरांनी टेप तीनदा लावली, तिन्ही वेळा बत्तीस. मोबाइल परत घेताना त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागल्यासारखा होता, पण पास की नापास ते कळेना. भरतीच्या ग्राउंडवर पोराने आठ अठरा टाकला. आउट ऑफ गेला नाही. पळण्यात आणि लेखीत भरून काढलं. यादीत नाव आलं तेव्हा त्याचे वडील पेढे घेऊन आधी सरांकडे गेले, मग माझ्याकडे, आणि मडगार्डकडे बघून मला दोन पेढे जास्त दिले. पोरगा आता ट्रेनिंगला आहे. तिथे त्याला नावाने हाक मारतात.

सरांकडे सध्या एक मुलगी आहे. चार किलोचा गोळा, पाच चाळीसला अडकलाय, तिला सहा गाठायचेत. मोबाइल सरांच्या खिशात आहे आणि काल रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खिडकीत उजेड दिसत होता. तेव्हा पहाटे चांदोरीच्या पुलावरून सायखेड्यात येणार असाल आणि कोणी "अजून चुकीचं!" म्हणून ओरडताना ऐकू आलं, तर थांबून बघा, बघण्यासारखं असतं. फक्त गाडी पलीकडे, पिंपळाच्या आड लावा.